उशिरा येणाऱ्या सुराची गोष्ट

गिटारिस्टच्या पायाशी पडलेली ती छोटी रंगीत डबी तुम्ही नक्की बघितली असेल. एक सूर वाजवा, ती तो चार वेळा परत देते. कॉलेज बँडमधल्या प्रत्येकाला हवंहवंसं वाटणारं हे 'डिले पेडल' नेमकं करतं काय, ते आलं कुठून, आणि ते हातात आल्यावर आमच्या बँडची वाट का लागली?

गाणं सुरू होऊन जेमतेम अर्धा मिनिट झाला असेल. काहीतरी गंडलंय, हे आम्हा चौघांनाही एकाच वेळी कळलं.

कॉलेज बँड्सची स्पर्धा होती. आम्ही फायनल इयरला, म्हणजे शेवटचा चान्स. गाण्याची सुरुवात माझ्या कीबोर्डनं, पहिले आठ बार मी एकटी. मग ड्रम्स आणि बेस, आणि त्यानंतर गिटार. आमच्या गिटारिस्टच्या पायाशी आठच दिवसांपूर्वी घेतलेलं सेकंडहँड डिले पेडल होतं. जॅमरूममध्ये या पेडलनं आम्हाला वेड लावलं होतं. तो साधी चार सुरांची फ्रेज वाजवायचा आणि खोलीभर सुरांचं जाळं विणलं जायचं. "आपण चार नाही, आठ जण वाजवतोय असं वाटतंय यार," असं आमचा बेसिस्ट म्हणाला होता.

स्टेजवर मात्र त्या आठांपैकी चार जण भलतंच गाणं वाजवत होते. गिटारचे परत येणारे सूर ड्रम्सच्या ठोक्यांमध्ये कुठेही पडत होते. ड्रमरनं सावरायला म्हणून लय थोडी खाली घेतली, तर मी आणि बेसिस्ट पुढे निघून गेलो. मी माझ्या पॅचमधला एको बंद करायला गेले आणि घाईत पॅचच बदलला. पियानोच्या जागी बासरी! उरलेलं गाणं आम्ही कसंबसं संपवलं. टाळ्या पडल्या, पण कशा, ते तुम्ही समजू शकता.

बॅकस्टेजला आल्या आल्या आम्ही तिघांनी ड्रमरला धरलं. "तू पळवलंस. मग एकदम स्लो केलंस. काय चाललं होतं?" तो काहीच बोलला नाही. स्टिक्स बॅगेत टाकल्या, गाडी काढली आणि गेला. पुढचे सहा महिने आमचा बँड एकदाही एकत्र वाजला नाही.

चूक कोणाची होती, हे मला फार उशिरा कळलं. तेसुद्धा एका साध्या भागाकारातून. पण त्याआधी या यंत्राची ओळख करून घेऊ.

डोंगर पायाशी

माथेरानच्या एको पॉइंटला जाऊन आपण सगळ्यांनी स्वतःच्या नावानं हाका मारल्या आहेत. डोंगर आपली हाक परत देतो, जरा उशिरानं आणि जरा हळू आवाजात. यामागचं फिजिक्स नववीचं आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर धावतो. मूळ आवाज आणि प्रतिध्वनी कानाला वेगळे ऐकू यायचे तर मध्ये सुमारे एक दशांश सेकंद जायला हवा. तेवढ्या वेळात आवाज ३४ मीटर जातो. म्हणजे जाऊन परत येणार असेल तर कडा किमान १७ मीटरवर हवा.

डिले पेडल हा कडा तुमच्या पायाशी आणून ठेवतं. फरक एवढाच, की इथे कडा किती लांब हवा, त्यानं किती वेळा उत्तर द्यायचं आणि किती मोठ्यानं, हे तुम्ही ठरवता. म्हणून बहुतेक डिले पेडल्सवर तीन नॉब हमखास असतात. पहिला टाइम, म्हणजे सूर किती वेळानं परत येणार. दुसरा फीडबॅक किंवा रिपीट्स, म्हणजे किती वेळा येणार. तिसरा लेव्हल किंवा मिक्स, म्हणजे मूळ सुराच्या तुलनेत किती मोठा येणार.

गंमत टाइममध्ये आहे. ही वेळ मिलिसेकंदांत मोजतात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात. ३०-४० मिलिसेकंद ठेवलं तर प्रतिध्वनी ऐकूच येत नाही, दोन गिटार एकत्र वाजल्यासारखा आवाज फक्त जाड होतो. शंभर-सव्वाशेच्या आसपास तो 'टक्-टक्' असा चिकटून येतो, याला स्लॅपबॅक म्हणतात. तीनशेच्या पुढे गेलं की प्रत्येक सूर सुटा परत येतो आणि तुम्हाला त्याच्याशी जुळवून वाजवावं लागतं.

फीडबॅक जरा जपून! तो पूर्ण फिरवला तर परत येणारा प्रत्येक सूर आधीच्यापेक्षा मोठा होत जातो आणि शेवटी पेडल स्वतःच किंचाळायला लागतं. काही कलाकार हा इफेक्ट मुद्दाम वापरतात. जॅमरूमच्या छोट्याशा खोलीत मात्र कानात बोटं घालायची वेळ येते. अनुभवानं सांगतेय.

टेप, घमेली आणि चिप

हा कडा डबीत बसवायला माणसाला काही दशकं लागली. सुरुवात टेपरेकॉर्डरपासून झाली. टेप मशीनमध्ये आवाज टिपणारं एक हेड असतं आणि वाजवणारं दुसरं. दोघांमध्ये थोडं अंतर असतं. टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावत असेल आणि हेड्समध्ये ५ सेंटिमीटर असतील, तर टिपलेला सूर सुमारे १३० मिलिसेकंदांनी ऐकू येतो. झाला डिले! अमेरिकेत लेस पॉलनं १९५०च्या आसपास टेपशी असे खेळ करून बघितले. १९५४ मध्ये एल्विस प्रेस्लीची पहिली रेकॉर्ड झाली त्या मेम्फिसच्या सन स्टुडिओत सॅम फिलिप्सनं हाच स्लॅपबॅक वापरला. रॉक अँड रोलचा तो ओळखीचा आवाज बऱ्याच अंशी दोन हेड्समधल्या अंतराचा आवाज आहे.

मग हे काम करणारी खास यंत्रं आली. अमेरिकेत एकोप्लेक्स, इटलीत टेपऐवजी फिरती चुंबकीय चकती वापरणारं बिन्सन एकोरेक, आणि १९७४ मध्ये जपानच्या रोलँड कंपनीचं स्पेस एको. पिंक फ्लॉइडच्या 'वन ऑफ दीज डेज' (१९७१) या गाण्याच्या सुरुवातीला घुमत येणारा बेस याच बिन्सनमधून आलेला आहे. जमैकात किंग टबी आणि ली पेरी या मंडळींनी तर एकोलाच वाद्य बनवलं. गाण्यातला गायकाचा एखादाच शब्द उचलायचा आणि तो विरेपर्यंत घुमत ठेवायचा. डब नावाचा आख्खा संगीतप्रकार यातून उभा राहिला.

पण ही यंत्रं जड, महाग आणि नाजूक. टेप झिजायची, गुंतायची. यावरचा उपाय १९६९ मध्ये हॉलंडमधल्या फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सापडला. त्याचं नाव 'बकेट ब्रिगेड'. आग विझवायला माणसं रांगेत उभी राहून बादल्या पुढे देतात ना, तसं. आपल्याकडे स्लॅब पडताना घमेल्यांची रांग असते, ती डोळ्यांसमोर आणा. एकजण घमेलं भरतो, ते हातोहात पुढे जातं आणि शेवटच्याकडे पोहोचायला वेळ लागतो. चिपमध्ये हेच होतं. विजेचा छोटासा भार एका कप्प्यातून पुढच्या कप्प्यात सरकवला जातो. पुढे गाजलेल्या एमएन३००५ या चिपमध्ये असे ४,०९६ कप्पे होते. घमेल्यातलं थोडं काँक्रीट वाटेत सांडतं, तसा या प्रवासात आवाजाचा चमकदारपणाही थोडा सांडतो. म्हणून अॅनालॉग डिलेचे परत येणारे सूर मऊ आणि किंचित धुरकट वाटतात. लोक आजही याच 'दोषा'साठी पैसे मोजतात.

१९८३ मध्ये रोलँडच्याच 'बॉस' या ब्रँडनं डीडी-२ आणलं. तळहाताएवढ्या पेडलमध्ये डिजिटल डिले बसवणारी ही पहिली डबी मानली जाते. आवाजाचे आकडे करायचे, मेमरीत ठेवायचे आणि हव्या त्या वेळी परत वाजवायचे. कमाल वेळ ८०० मिलिसेकंद. आज आपल्याला ते 'एवढंच?' वाटतं, पण तेव्हा एवढं काम करायला कपाटाएवढ्या रॅकमध्ये बसणारी मशीन लागायची.

कीबोर्डवाल्यांचाही हक्क आहे

डिले म्हटलं की सगळ्यांना गिटारच आठवते. त्याला कारणंही आहेत. यू-टूच्या गिटारिस्टनं, म्हणजे द एजनं, डिलेवर आपली आख्खी शैली उभी केली. त्यांचं 'व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम' (१९८७) ऐका. तो वाजवतो त्यापेक्षा कितीतरी जास्त सूर ऐकू येतात, कारण उरलेले सूर डिले भरतो. डिसेंबर २०१९ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये हे गाणं प्रत्यक्ष वाजलं. तेव्हा मी शाळेत होते आणि माझ्या ताईचा मित्र तिथून परत आल्यावर आठवडाभर दुसरं काहीही बोलत नव्हता.

दुसरं नाव क्वीनच्या ब्रायन मेचं. या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथेच पियानो वाजवायचा आणि तिथेच त्यानं 'द हेक्टिक्स' हा पहिला बँड केला, हे आपल्याला माहीत असतं. पण ब्रायन मेनं १९७४ च्या 'ब्रायटन रॉक'मध्ये एकोप्लेक्सशी काय केलं, हेही ऐकून बघा. तो एक ओळ वाजवतो, थांबतो, ती ओळ परत येते आणि तो तिच्यावर दुसरी ओळ वाजवतो. एकटा माणूस स्वतःशीच जुगलबंदी करतो.

आता आमच्या गटाची बाजू. पिंक फ्लॉइडचा रिचर्ड राइट आपला ऑर्गन बिन्सनमधून वाजवायचा. पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट टेरी रायलीची आहे. हा कॅलिफोर्नियाचा संगीतकार. साठच्या दशकात टेप मशीन्स जोडून तो ऑर्गनवर रात्र रात्र वाजवायचा. स्वतःच वाजवलेलं काही वेळानं परत यायचं आणि तो त्यात नवं मिसळत जायचा. १९७० मध्ये तो कोणाचा शिष्य झाला माहितीये? पंडित प्राणनाथांचा. म्हणजे किराणा घराण्याचा! ज्या घराण्याचं गाणं पुण्यात पंडित भीमसेन जोशींमुळे घराघरांत पोहोचलं, तेच. मला यात नवल वाटत नाही. किराण्याची आलापी एकेका सुरावर थांबून, त्याला पुरेसा वेळ देऊन पुढे जाते. डिलेबरोबर वाजवणाऱ्यालाही नेमकं हेच करावं लागतं. घाई केलीत, की तुमचेच सूर तुमच्यावर आदळतात.

एका डबीत अकरा खोल्या

आता आजच्या पेडल्सकडे येऊ. उदाहरणासाठी बॉसचंच डीडी-८ घेते. ते २०१९ मध्ये आलं, आणि वर सांगितलेला सगळा इतिहास त्यात कोंबलेला आहे. एकूण अकरा मोड. 'स्टँडर्ड' म्हणजे स्वच्छ डिजिटल. 'अॅनालॉग' म्हणजे घमेल्यांच्या रांगेचा धुरकट आवाज. 'टेप'मध्ये जुन्या टेपची किंचित थरथर. 'रिव्हर्स' तुमचा सूर उलटा वाजवून परत देतं, 'शिमर' त्याच्यावर वरच्या सप्तकाची चकाकी चढवतं, 'ग्लिच' तोच तुकडा मशीनगनसारखा अडकवून ठेवतं. कमाल वेळ १० सेकंद, म्हणजे डीडी-२च्या बारापटीहून जास्त. शिवाय ४० सेकंदांचा लूपर, ज्यात एक साथ रेकॉर्ड करून त्यावर एकट्यानं सराव करता येतो.

दोन गोष्टी मात्र अकरा मोड्सपेक्षा मोठ्या आहेत, आणि जाहिरातीत त्याच सगळ्यात शेवटी असतात. पहिली, स्टिरिओ इन आणि आउट. कीबोर्डमधून डावा आणि उजवा असे दोन वेगळे आवाज निघतात. एकाच वायरचं पेडल मध्ये आलं की त्यातला एक पदर जातो. दोन आत, दोन बाहेर असतील तर पियानो पियानोसारखा पसरलेला राहतो. दुसरी गोष्ट टॅप टेम्पो. गाण्याच्या लयीत पायानं कळ दाबायची आणि पेडल त्या लयीनुसार आपली वेळ लावून घेतं. सध्याच्या बऱ्याच पेडल्समध्ये ही सोय असते.

आमच्या गिटारिस्टच्या सेकंडहँड पेडलमध्येही ती होती. मॅन्युअल मात्र आम्ही कोणीच उघडलं नव्हतं.

साठ हजार भागिले टेम्पो

स्पर्धेनंतर सहा महिन्यांनी मोबाइलची मेमरी रिकामी करताना त्या परफॉर्मन्सचा व्हिडिओ सापडला. एका ज्युनियरनं प्रेक्षकांतून काढलेला. एव्हाना मी या लेखासाठी डिलेबद्दल वाचत होते, त्यामुळे सहज म्हणून मेट्रोनोमचं अॅप उघडलं आणि व्हिडिओबरोबर टॅप करायला लागले.

आधी गणित सांगते. टेम्पो बीपीएममध्ये मोजतात, म्हणजे मिनिटाला किती ठोके. मिनिटात ६०,००० मिलिसेकंद. आम्ही प्रॅक्टिस करायचो १०० बीपीएमला. ६०,००० भागिले १०० म्हणजे ६००, हा झाला एक ठोका. आमच्या गिटारिस्टनं लावला होता 'डॉटेड एट्थ', म्हणजे ठोक्याचा पाऊण भाग, ४५० मिलिसेकंद. द एजचा लाडका प्रकार हाच. तुम्ही अर्ध्या अर्ध्या ठोक्यावर सूर वाजवता आणि परत येणारे सूर बरोबर तुमच्या मधल्या फटींत बसतात. दोघांचं मिळून सलग धावतं जाळं तयार होतं. पण एकाच अटीवर. लय तीच राहिली पाहिजे.

व्हिडिओत टेम्पो निघाला ११०.

आता ६०,००० भागिले ११० म्हणजे ५४५, आणि त्याचा पाऊण भाग ४०९. पेडल मात्र ४५० वरच. म्हणजे पहिला परतीचा सूर ४१ मिलिसेकंद उशिरा. हे कदाचित चालून गेलं असतं. पण दुसरा परत येणार ८२ नं उशिरा आणि तिसरा १२३ नं. त्या लयीत ठोक्याचा चौथा हिस्साच १३६ मिलिसेकंदांचा आहे. म्हणजे तिसऱ्या वेळी सूर जवळपास एक आख्खं घर चुकून भलत्याच घरात जाऊन बसत होता. जॅमरूममधलं जाळं स्टेजवर गुंता का झालं, हे आता कळलं.

"बघा, पळवलंच होतं त्यानं," असं मला क्षणभर वाटलं. मग व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. पहिले आठ बार. त्यात ड्रम्स नाहीत, बेस नाही, गिटार नाही. फक्त कीबोर्ड. फक्त मी. आणि टेम्पो तिथेच ११० होता.

घाबरून मीच गाणं पळवत सुरू केलं होतं. ड्रमरनं मी दिलेली लय इमानदारीत उचलली. मग गिटारचे सूर मागे पडायला लागल्यावर, पेडल बदलता येत नाही हे ओळखून, तो आख्ख्या बँडला पेडलच्या लयीवर आणायचा प्रयत्न करत होता. स्टेजवर त्या क्षणी नीट ऐकणारा तो एकटाच होता. आणि आम्ही त्यालाच धरलं.

घेण्याआधी आणि घेतल्यावर

आमच्या फजितीतून तुम्हाला उपयोगी पडेल असं थोडं. यातलं बरंचसं जॅमरूमवाल्या दादानं सांगितलेलं आणि मी करून बघितलेलं आहे.

जोडणी: गिटारवाल्यांनी डिस्टॉर्शन आधी आणि डिले नंतर लावावा. उलटं केलं तर परतीच्या सगळ्या सुरांचा एकत्र चिखल होतो. मुद्दाम चिखल हवा असेल तर गोष्ट वेगळी. कीबोर्डवाल्यांनी पेडल कीबोर्ड आणि मिक्सरच्या मध्ये ठेवावं. कीबोर्डचा आवाज गिटारपेक्षा बराच दणकट येतो. काही पेडल्स त्यानं फाटतात, म्हणून कीबोर्डचा व्हॉल्यूम आधी निम्म्यावर ठेवून हळूहळू वाढवा.

दोन एको नकोत: कीबोर्डच्या तयार पॅचमध्ये बऱ्याचदा आधीच एको भरलेला असतो. पेडल लावणार असाल तर तो बंद करा. घरी करा, स्टेजवर नाही!

अॅडॅप्टर: बहुतेक गिटार पेडल्सना ९ व्होल्टचा, आतली पिन निगेटिव्ह असलेला अॅडॅप्टर लागतो. घरातल्या वायफाय राउटरचा अॅडॅप्टर दिसायला तसाच असतो, पण त्याची पिन सहसा उलटी असते आणि व्होल्टेजही वेगळं असू शकतं. बसतोय म्हणून लावू नका. पेडलवर छापलेली खूण बघा.

सेकंडहँड: दुकानात किंवा कोणाच्या घरी जाऊन घेत असाल तर सगळे नॉब फिरवून बघा, खर्रखर्र येतेय का ते ऐका. पायाची कळ वीसेक वेळा दाबा. दोन्ही आउटपुट वेगवेगळे तपासा.

सराव: हा माझा आवडता. टेम्पो १२०, डिले दोन ठोक्यांचा म्हणजे १,००० मिलिसेकंद. फीडबॅक इतका कमी की सूर एकदाच परत येईल, आणि लेव्हल मूळ सुराएवढी. आता दर ठोक्याला एक असा साधा अलंकार वाजवा, सा रे ग म प. तुम्ही 'ग' वाजवाल तेव्हा मागून 'सा' येईल, 'म' बरोबर 'रे', 'प' बरोबर 'ग'. पहिलीतला अलंकार अचानक दोन आवाजांत वाजायला लागतो. लय जरा हलली की लगेच कळतं, कारण मागून येणारा तुमचाच सूर चुकीच्या जागी पडतो. मेट्रोनोम तुम्हाला ठोका सांगतो. डिले तुम्ही सेकंदापूर्वी काय केलंत ते ऐकवतो.

राहता राहिला प्रश्न पैशांचा. चांगलं स्टिरिओ पेडल कॉलेजच्या पॉकेटमनीत बसत नाही. हप्त्यांवर घेणारे मित्र मी बघितलेत, आणि हप्ते संपायच्या आत ते विकणारेही. खरं सांगू? लॅपटॉपवरच्या मोफत रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्येही डिले असतो आणि त्यात हेच तीन नॉब असतात. कराओके मशीनसाठी बनलेली पीटी२३९९ ही तैवानी चिप वापरून केलेली स्वस्त पेडल्सही मिळतात, आणि सोल्डरिंग जमणारी इंजिनिअरिंगची पोरं तर ती घरी बनवतात. आधी यावर महिनाभर घालवा. टाइम आणि टेम्पोचं नातं बोटांत उतरलं की मग ठरवा, अकरा मोड हवेत की एकच पुरे. बँडमध्ये चौघांनी मिळून एक घेतलं तरी चालतं. गिटार आणि कीबोर्ड आलटून पालटून वापरतील. आम्ही सध्या तेच करतोय.

हो, 'आम्ही' म्हणाले मी.

व्हिडिओ बघितल्यावर दोन दिवस मी नुसतीच मेसेज टाइप करून पुसत होते. शेवटी ड्रमरला चहाला बोलावलं. टपरीवर उभ्या उभ्या त्याला व्हिडिओ दाखवला, अॅपवरचा ११० चा आकडा दाखवला आणि सॉरी म्हणाले. तो हसला. म्हणाला, "मला तेव्हाच माहीत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही तिघं एकदम बोलत होतात ना. मध्ये जागाच नव्हती."

चहा संपेपर्यंत मी काही बोलले नाही. पुढच्या रविवारी कोथरूडच्या त्याच जॅमरूममध्ये आम्ही चौघं भेटलो. गाणं तेच घेतलं. फक्त सुरुवात बदलली. आता मी एकटी गाणं सुरू करत नाही. आधी ड्रमर स्टिकवर चार ठोके देतो, गिटारिस्ट त्याच चार ठोक्यांवर पायानं पेडलला लय देतो, आणि पाचव्याला मी.